काकांनी केबल तोडली तेव्हा

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन असताना दुबईत माकडटोपी घालून फिरणारा एकच माणूस मी पाहिला, आणि दोन वर्षं मी त्याच्याच घरात भाड्यानं राहत होते. टोपी उन्हासाठी नव्हती, एसीसाठी होती. काकांचं म्हणणं असं, की या देशात उन्हानं कुणी आजारी पडत नाही, लोक आजारी पडतात ते उन्हातून एकदम फ्रीजमध्ये शिरल्यामुळे. त्यामुळे मॉल, मेट्रो, बँक, जिथं म्हणून काचेचं दार आपोआप उघडायचं, तिथं ते खिशातून तपकिरी माकडटोपी काढून कानांवर ओढायचे. मॉलमधला सिक्युरिटीवाला नवा असला तर संशयानं त्यांच्या मागे मागे चालायचा. काका त्यालाच थांबवून तू कुठला, नेपाळचा का, घरी कोण कोण, असं हिंदीत विचारायचे, आणि पुढच्या खेपेला त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचे.

जुमेरा लेक टॉवर्समधला त्यांचा फ्लॅट दोन बेडरूमचा होता. एक खोली त्यांची, एक मला दिलेली. माझं ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं, म्हणून मला सोयीचं. आणि घरात काकू आहेत, मिरजेची माणसं आहेत, हे कळल्यावर पुण्यात माझ्या आईबाबांचा जीव भांड्यात पडला. काका दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. इमारतीचं ड्रॉइंग बदललं की नव्यावर पुढचा नंबर घालायचा आणि जुनं साइटवर कुणाच्या हाती राहणार नाही हे बघायचं, असं ते काम. जन्मभर तेच केल्यामुळे घरातही त्यांना बदल दिसला की नंबर लागायचा. काकूंनी लोणच्यात मीठ वाढवलं की बरणीवर ‘रेव्हिजन १’ अशी चिठ्ठी. मी केस कापून आले तेव्हा त्यांनी मला दारातच अडवलं आणि विचारलं, ही रेव्हिजन घरून अप्रूव्ह झालीय का.

त्यांचे कायदे त्यांनीच केलेले होते. सरकारनं आठवड्याची सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर नेली, ते काकांनी मान्य केलं नाही. ते शुक्रवारी सकाळी डोक्याला तेल लावून अंघोळ करायचे, तब्येतीत पोहे खायचे आणि मगच ऑफिसला जायचे. तिथंही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज रविवार आहे, फार कामं सांगू नका. दुसरा कायदा पैशांचा. काकू करामाच्या बाजारातून भाजी आणून पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणायच्या, ‘‘कोथिंबीर तीन दिरहम! म्हणजे सत्तर रुपये झाले की हो.’’ आमच्या घरात दिरहमचे रुपये करायला बंदी होती. जो करेल त्यानं सगळ्यांना चहा करायचा. काकू म्हणायच्या, तसाही मीच करते, त्यामुळे मी कितीही रुपये करीन. उत्तर नसलं की ते ‘खलास’ म्हणायचे. अरबीतले त्यांना येणारे सगळे शब्द मिळून एका हाताच्या बोटांवर मावले असते, पण ‘खलास’ त्यांनी अस्सल मराठी करून घेतला होता.

केबलचाही एके दिवशी असाच खलास झाला.

केबल म्हणजे खरं तर फोन, इंटरनेट आणि टीव्ही यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. करार संपला होता, नवा करायचा होता, आणि करारातली बारीक अक्षरं वाचायला म्हणून काकांनी मला बरोबर नेलं. काउंटरवरची फिलिपिनो मुलगी फार गोड होती. काकांनी टोपी कानावर ओढून तिला सांगितलं, की माझी बायको तीन मराठी चॅनेल बघते, मला ती तीन द्या. ती म्हणाली, तशी मिळत नाहीत सर, पॅकेजमध्ये येतात. पॅकेजमध्ये आणखी काय येतं, असं काकांनी विचारलं. तिनं स्क्रीन वळवून दाखवली. त्यात कार्टून होतं, फॅशन होती, मासे कसे पकडावेत यावर अख्खं चॅनेल होतं. काकांनी ते सगळं शेवटपर्यंत वाचलं. मग मला मराठीत म्हणाले, ‘‘वरणभात मागितला तर म्हणतात आधी केक खा, पास्ता खा, मग शेवटी वरणभात देतो. मला नकोय जेवण.’’ आणि त्या मुलीला म्हणाले, ‘‘सिस्टर, ओन्ली इंटरनेट. टीव्ही खलास.’’

परवडत नव्हतं असं मुळीच नाही. तत्त्वाचा प्रश्न होता, आणि तत्त्वाचा प्रश्न आला की काका कुणाला विचारत नसत. इथंच घोडं पेंड खायचं.

घरी गेल्यावर काकूंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. एरवी ही बाई इतकी मऊ, की लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागला तरी स्वतः सॉरी म्हणायची. त्या दिवशी त्यांनी पोळपाट ओट्यावर आपटला. दिवसभर या चार भिंतींत मी काय करायचं, तुम्ही टोपी घालून ऑफिसला जाता, ही पोरगी लॅपटॉप घेऊन जाते, मी काय खालच्या तळ्यातली बदकं मोजू का, असं सुरू झालं ते रात्रीची भांडी होईपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मी मोबाइलवर त्यांच्या सीरियली लावून दिल्या. त्यांनी दोन दिवस बघितल्या आणि फोन परत दिला. तळहातावर सासू-सुना बघायच्या म्हणजे डोळ्यांतून पाणी येतं, म्हणाल्या.

काका मात्र त्या आठवड्यात हवेत होते. बसमधून उतरताना शीळ घालायचे. मला वाटलं, किती दगडाचं काळीज आहे या माणसाचं. संध्याकाळी तळ्याभोवती फेरी मारायला मी त्यांच्याबरोबर जायची, तेव्हा न राहवून विचारलंच, की काकू इतक्या चिडल्यात आणि तुम्हाला मजा कसली वाटते.

काका चालायचे थांबले. म्हणाले, ‘‘तीस वर्षांत पहिल्यांदा भांडली ती माझ्याशी.’’

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते गल्फला आले. काकू मिरजेला राहिल्या, सासूसासऱ्यांचं केलं, मुलगा वाढवला. काकांना वर्षाकाठी महिनाभर रजा. ते घरी गेले की नवी चादर निघायची, रोज गोडधोड व्हायचं, मुलगा न सांगता टीव्हीचा रिमोट आणून हातात द्यायचा. ‘‘महिनाभराच्या रजेत कोण कशाला भांडेल? मी बोललो की सगळे हो म्हणायचे. पाहुण्याशी कोण भांडतंय? पाहुण्याला निरोप देताना लोक रडतात, तसे रडायचे.’’ मुलगा नोकरीला लागला, म्हातारी माणसं गेली, तेव्हा कुठं त्यांनी काकूंना इथं आणलं. तरी तीनेक वर्षं काकू त्यांच्याशी पाहुण्यासारख्याच वागत होत्या. ‘‘परवा तिनं पोळपाट आपटला ना, तेव्हा मला वाटलं, चला, आता संसार सुरू झाला.’’

असल्या माणसाला काय बोलणार?

शुक्रवारी ऑफिसातून येताना काकांनी बाजारातून अँटेना आणली. आमच्या लहानपणी गच्चीवर असायची तसली काड्यांची नव्हे. पापडाएवढी, पापडासारखीच चपटी, काळी, आणि तिला एक लांबलचक बारीक वायर. ही काचेला चिकटवायची आणि वायर टीव्हीत खुपसायची, की हवेतून जे येतं ते फुकट दिसतं. हवेत आहे ते सगळ्यांचं, असं काकांचं तत्त्वज्ञान होतं, त्यामुळे हवेतून येणारा टीव्ही त्यांना नैतिकदृष्ट्याही पसंत पडला.

पण हवेतून येणं इतकं सोपं नव्हतं. आमच्या समोर टॉवर, मागे टॉवर. हॉलच्या खिडकीत काही आलं नाही. काकांच्या खोलीत कुठल्याशा शर्यतीतलं अर्धं घोडं आलं आणि चौकोन चौकोन होऊन गोठलं. मग काकांनी ठरवलं, आता पद्धतशीर करायचं. ते अँटेना हातात घेऊन घरभर फिरणार, मी टीव्हीसमोर उभी राहून सांगणार. ‘आलं का?’ ‘आलं, आलं… गेलं.’ ‘आता?’ ‘नाही.’ हा संवाद ज्यांनी आपल्या लहानपणी कौलांवर चढलेल्या वडिलांशी केला असेल त्यांना तो वेगळा सांगायला नको. वडील कौलांवर असायचे, काका एकोणिसाव्या मजल्यावर स्वयंपाकघरात ओट्यावर चढले होते, एवढाच फरक. तिथं, सिंकवरच्या खिडकीत, चित्र आलं. स्वच्छ आलं. काका हात काढायला गेले तर गेलं. पुन्हा हात लावला, आलं. शेवटी असं निघालं, की काकू फ्रिजपाशी उभ्या असल्या की येतं आणि ओट्याकडे सरकल्या की जातं.

‘‘तू जरा तिथंच उभी राहा,’’ काका म्हणाले.

‘‘माझी सीरियल घालवलीत,’’ काकू म्हणाल्या, ‘‘आणि आता मलाच अँटेना करताय.’’

पण उभ्या राहिल्या. पुढं फ्रिजवर पिठाचा स्टीलचा डबा ठेवून त्यांची सुटका झाली, तरी बातम्यांच्या वेळी काका हॉलमधून ओरडायचे, की जरा डावीकडं.

त्या पापडावर आम्हाला पंधरा-वीस चॅनेल मिळाली आणि जवळजवळ सगळी अरबी. घोड्यांच्या शर्यती, फुटबॉल, बातम्या, पोथीसारखं संथ चालणारं कुराणपठण, बिर्याणीला बिर्याणी न म्हणणारी एक शेफबाई. सगळ्यात भारी म्हणजे उंटांच्या शर्यती. उंटांच्या पाठीवर माणूस नसतोच, यंत्र बसवलेलं असतं, आणि मालक लोक शेजारच्या रस्त्यावरून मोठाल्या गाड्या पळवत उंटाला ओरडत असतात. काका रोज एका उंटाची बाजू घ्यायचे आणि तो हरला की पुढचा अर्धा तास मालकाला दोष द्यायचे. माझी लेक आता नर्सरीत जाते. आम्ही अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहतो, आमच्या टीव्हीवर जगातलं सगळं दिसतं आणि काय बघायचं हे ठरेपर्यंत झोपायची वेळ होते. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘आई, यू जस्ट वॉच्ड कॅमल्स?’’ मी हो म्हटलं. तिला माझी दया आलेली दिसली. मला मात्र त्या हॉलमधला सोफा आठवून एकदम गलबलून आलं.

रमजान लागला आणि गोष्ट बदलली. ऑफिसची वेळ कमी झाल्यामुळे काका चार वाजताच घरी यायला लागले. रमजानात इथल्या टीव्हीवर खास मालिका असतात, महिनाभर रोज एक भाग. आमच्या पापडावर एक लागायची, जुन्या काळातली, मोती काढायला समुद्रावर जाणाऱ्या लोकांची. पुरुष बोटीतून महिनेच्या महिने जायचे आणि बायका किनाऱ्यावर, घरात, वाट बघत. शब्द एक कळायचा नाही, बाकी सगळं कळायचं. काकू पहिले दोन दिवस टीव्हीकडे पाठ करून बसल्या. तिसऱ्या दिवशी कणीक मळता मळता हॉलच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे तर गल्फमध्येच राहतात. मग हे आणि कुठं चाललेत?’’

‘‘समुद्रावर,’’ काका म्हणाले.

‘‘म्हणजे मेलं सगळीकडं तेच.’’

आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्या सासूला मराठी द्यायला सुरुवात केली. सासू अरबीत काहीतरी पुटपुटत होती. काकू म्हणाल्या, ‘‘अगं, उपाशी पाठवू नकोस त्याला, दोन धपाटे तरी बांध.’’ काकांनी लगेच टीव्हीचा आवाज बंद केला आणि बोटीवर चढणाऱ्या नायकाला मराठी दिलं, ‘‘आई, दही पण दे.’’

त्या दिवसापासून रोज. आवाज बंद करून आम्ही तिघं बोलायचो. नायक काका, नायिका काकू, आणि सासू, सावकार, शेजारी, बोटीवरचा मुकादम ही सगळी मी. सुरुवातीला नुसता दंगा होता. नायिका नायकाला सांगायची की मिक्सर बिघडलाय, नायक म्हणायचा की वॉचमनला सांगतो. एकदा सावकार धमकी देत असताना मी त्याच्या तोंडी पॅकेजचे नियम घातले, तेव्हा काकू हसून हसून जमिनीवर बसल्या. केबलचं भांडण कधी मिटलं ते कुणाला कळलंही नाही.

पण काकूंच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. काका ऑफिसला गेले असताना एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, ‘‘मला मिरजेला परत जायचंय गं.’’ तिथं त्यांची गल्ली होती, भिशी होती, सकाळी फुलं मागायला येणारी शेजारीण होती. इथं माणूस दिसायचा तो लिफ्टमध्ये, आणि तोही फोनमध्ये बघणारा. मी म्हटलं, मग काकांना सांगा. त्या म्हणाल्या, ‘‘कुठल्या तोंडानं सांगू? इतकी वर्षं प्रत्येक फोनवर मीच म्हणायची, मला तिकडं न्या. एवढं करून नेलं. आता म्हणू, नको?’’ आणि काकांनी मिरजेला परत जावं हे तर काकूंच्या स्वप्नातही येत नव्हतं. काका निवृत्तीचा विषय निघाला की ‘पुढच्या वर्षी, इन्शाल्ला’ म्हणायचे. गल्फमध्ये सगळेच असं म्हणतात, आणि त्याचा अर्थ काय होतो हेही सगळ्यांना माहीत असतं. इतकी वर्षं वेगळं राहून एका छपराखाली आलेली ही दोन माणसं आता पुन्हा वेगळी होणार की काय, या भीतीनं मलाच कसंतरी व्हायचं.

रमजान संपत आला होता. मालिकेत नायक समुद्रावरून परत आला होता, कायमचा. घरात दिवा लावलेला, तो भिंतीला टेकून बसलेला, आणि बायको त्याच्यासमोर बसून बोलायला लागली. मोठा प्रसंग होता, पडद्यावर बराच वेळ तीच बोलत होती. काकूंनी हातातली शेंगांची परात खाली ठेवली.

‘‘तुम्ही आलात, बरं वाटलं,’’ काकू नायिकेच्या ओठांबरोबर हळूहळू म्हणाल्या. ‘‘रोज वाट बघायची मी. पण एक सांगू का? तुम्ही नव्हता ना, तेव्हा मी एकटी नव्हते. आता तुम्ही आहात, आणि दिवसभर मी एकटी असते. मला घरी जाऊ द्या.’’

पडद्यावरची बाई बोलायची थांबली. आता नायकाची पाळी होती. तो बोलायला लागला, हातवारे करून, मध्येच डोळे पुसून, खूप वेळ बोलला. काकांनी त्याला एकही शब्द दिला नाही. त्या मुक्या पडद्यावर तो माणूस बिचारा जीव तोडून बोलत होता आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. मग काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि अँटेना नीट करत राहिले. चित्र अगदी स्वच्छ येत होतं.

ईदची सुट्टी संपली तशी काकांनी काकूंचं तिकीट काढलं. एकटीचं. जेवताना ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, ‘‘तू हो पुढं. मी येतोच मागनं.’’ काकूंनी विचारलं, कधी? काका म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी.’’ इन्शाल्ला म्हणायचं त्यांनी टाळलं, पण ते आम्हाला दोघींनाही ऐकू आलं. विमानतळावर काकूंनी मला बाजूला घेऊन काकांच्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या आणि म्हणाल्या, एकदा सवय लागलेल्या माणसाला पुन्हा एकटं राहायचं म्हणजे जड जातं, लक्ष ठेव.

गंमत म्हणजे त्या गेल्यावर चित्र आणखी छान यायला लागलं. घरात हलणारी माणसं कमी झाली म्हणूनही असेल. काकांना त्याचाच राग यायचा. ते विनाकारण ओट्यावर चढून अँटेना हलवायचे, थोडी बिघडवायचे, मग पुन्हा लावायचे. माकडटोपी आता ते घरातही काढत नसत. शुक्रवारी तेल लावायचे, पण पोहे करत नसत. मी करून दिले तर खायचे आणि म्हणायचे, रेव्हिजन चुकलीय.

पुढं पावसाळ्याच्या दिवसांत, म्हणजे तिकडं मिरजेला पावसाळा आणि इकडं नुसती वाफ, तीच मोत्यांची मालिका पुन्हा दाखवायला लागले. मी एकदा ऑफिसातून आले तर हॉलमधून बोलण्याचे आवाज. आत बघते तर काका एकटेच. टीव्ही मुका. काका नायिकेला मराठी देत होते, काकूंच्या आवाजात. ‘‘टॉवेल ओला गादीवर टाकू नका म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला?’’ नायक पडद्यावर काहीतरी म्हणाला. काका गप्प. पुन्हा नायिका आली की पुन्हा काकू, चपलांवरून, गोळ्यांवरून, एसीवरून. नायकाच्या वाट्याला त्यांनी एक वाक्य ठेवलं नव्हतं. मी दाराशीच उभी राहिले. मला रडू आलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी सरळ माझ्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी एक केलं. इथं आपल्या नेहमीच्या अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लागत नाही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. ते मी काकूंना फोनवर पायरीपायरीनं घ्यायला लावलं, आणि मालिका लागायच्या वेळी कॉल लावून काकांचा फोन टीव्हीसमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मिरजेहून काकूंना आमचा टीव्ही दिसायला लागला. त्यांचं बोलणं थोडं उशिरा पोचायचं, त्यामुळे नायिकेचे ओठ मिटल्यावर तिचं मराठी यायचं. तरी घर भरल्यासारखं वाटलं. काका पुन्हा नायकाला बोलू देऊ लागले, पण मिक्सर, वॉचमन, धपाटे, एवढंच. काका मिरजेला कधी येणार, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी मालिका सुरू झाली, नायिका बोलायला लागली आणि फोनमधून काकूंऐवजी घर्रर्र असा आवाज आला. काका म्हणाले, काय झालं, आवाज कसला येतोय.

‘‘ड्रिलचा,’’ काकू शांतपणे म्हणाल्या. ‘‘डिश बसवून घेतेय. सगळ्यात मोठं पॅकेज घेतलंय. सगळी चॅनेल. मासे पकडायचं सुद्धा.’’

काकांनी टीव्ही बंदच केला. फोन हातात घेतला. ‘‘कुठं बसवतेस?’’

‘‘पुढच्या भिंतीला. दाराच्या वर.’’

‘‘दाराच्या वर? मला न विचारता? अगं, माझ्या घराच्या भिंतीला भोकं पाडतेस तू?’’

त्या घराला काका एरवी ‘हिचं घर’ म्हणायचे. मी तरी त्यांच्या तोंडून ‘माझं घर’ कधी ऐकलं नव्हतं. काकूंनीही ऐकलं नसावं, कारण तिकडं ड्रिलसुद्धा थांबलं. मग काकू म्हणाल्या, ‘‘हो, पाडतेय. आणि पुढच्या आठवड्यात मागच्या खोलीला गुलाबी रंग देणार आहे. काय म्हणायचंय तुम्हाला?’’

काकांना खूप म्हणायचं होतं. मागची खोली उत्तरेची आहे, तिथं ओल येते, गुलाबी रंग चार महिन्यांत काळा पडेल, दाराच्या वरची भिंत विटांची आहे की मातीची हे तरी बघितलंस का, असं त्यांनी एका दमात सुरू केलं. टोपी काढून सोफ्यावर फेकली. ‘खलास’ त्यांना सुचलंच नाही. काकू सगळं ऐकून घेत होत्या.

‘‘भांडायचं असेल तर इथं येऊन भांडा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी फोनवर भांडत नसते.’’ आणि त्यांनी फोन ठेवला.

काकांनी सोफ्यावरची टोपी उचलून घडी घालून खिशात ठेवली. मग मला म्हणाले, ‘‘गुलाबी देईल ती. तिचा काही भरवसा नाही.’’ चेहरा रागानं लाल झालेला आणि हसू आवरत नव्हतं.

सकाळी त्यांनी ऑफिसात राजीनामा दिला. त्यांचा मॅनेजर केरळचा होता. इतकी वर्षं राहिलात, आणखी थोडे दिवस राहा, असं एकदम काय झालं, असं त्यानं विचारलं. काका खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी सांगितलं, ‘‘सर, घर में झगडा चल रहा है। आधा छोड़ के नहीं बैठ सकता।’’ मॅनेजरची बायको आणि मुली कित्येक वर्षं तिकडं केरळातच होत्या, तो रजेला जायचा. काका मला सांगत होते, की मला वाटलं हा आता हसणार, पण तो हसला नाही. त्यानं कागदावर सही केली, उठून उभा राहिला आणि काकांना लिफ्टपर्यंत सोडायला आला.